आधी झोजिला, मग खारदुंगला



गेल्या महिन्यात एका पोराचा मेसेज आला. पोरगा म्हणजे माझ्या पलटणीतल्या सोबत्याचा मुलगा. सत्तावीस वर्षांचा, पुण्यात एका कंपनीत कामाला. "काका, जूनमध्ये बाइकवर लडाखला चाललोय. तुम्ही तिकडं एवढी वर्षं काढलीत. प्लॅन जरा नजरेखालून घाला." सोबत एक्सेलची फाइल.

फाइल बघून मला कौतुक वाटलं. आमच्या वेळी मूव्ह ऑर्डर एवढी नीट टाइप झालेली नसायची. कुठल्या दिवशी किती किलोमीटर, पेट्रोल कुठं भरायचं, मुक्काम कुठं, पँगाँगला ऊन कुठल्या बाजूने येतं, फोटो किती वाजता काढायचा, सगळं मांडलेलं. क्लचची जादा केबल, पंक्चरचं सामान, चेनचं ऑइल, पावसाळी कपडे, सगळी यादी. फक्त एक रकाना नव्हता. उंचीचा.

प्लॅन असा: मनाली ते लेह दोन दिवसांत, मधला मुक्काम सरचूला. तिसऱ्या दिवशी खारदुंगला. चौथ्या दिवशी पँगाँग. मग त्याच मनालीच्या रस्त्याने परत.

मी लाल पेन काढलं. सुभेदार रिटायर होतो, त्याचं लाल पेन होत नाही.

पहिली फुली सरचूवर मारली. मनाली समुद्रसपाटीपासून साधारण २,०५० मीटर. पूर्वी रोहतांगच्या घाटात, गाड्यांच्या रांगेत, अर्धा दिवस जायचा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला आणि नऊ किलोमीटरच्या त्या बोगद्यातून माणूस काही मिनिटांत लाहौलमध्ये उतरू लागला. सोय मोठी झाली, पण घाटात जाणारा जो वेळ शरीराला मिळायचा तोही गेला. बोगद्यानंतर बारालाचा आहे, ४,८०० मीटरच्या वर, आणि त्यापलीकडे सरचू, जवळजवळ ४,३०० मीटर. म्हणजे काल रात्री दोन हजारावर झोपलेला माणूस आज रात्री चार हजारावर झोपणार. डोकं ठणकणार, जेवण जाणार नाही, झोप लागणार नाही. आणि मध्यरात्री खरोखर काही झालं, तर खाली उतरायला एका बाजूला बारालाचा आणि दुसऱ्या बाजूला त्याहून उंच लाचुंगला. सरचूतून कुठंही जायचं तर आधी चढायचंच.

पोराने उत्तर दिलं, "काका, मी रोज जिम करतो."

हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय, नव्या भरतीच्या तोंडून. उंचीचा आणि दंडाचा काही संबंध नाही. उलट धडधाकट पोरगाच आधी पडतो, कारण त्रास होतोय हे तो कबूल करत नाही.

आपल्या फौजेलाही हे फुकट कळलेलं नाही. १९६२ साली चीनशी लढाई पेटली तेव्हा मैदानी मुलखातले जवान विमानाने आणि ट्रकने घाईघाईने उंचावर नेले गेले. त्यातले कितीतरी जण गोळी न लागता आजारी पडले. फुफ्फुसात पाणी भरायचं, खोकल्याला गुलाबी फेस यायचा, चांगला गडी एका रात्रीत जायचा. पुढच्या वर्षांत आपल्या लष्करी डॉक्टरांनी या आजाराचा जो अभ्यास केला, तो जगभर वाचला गेला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात १,९२५ भारतीय जवानांची निरीक्षणं आहेत. आज जगातला कुठलाही गिर्यारोहक उंचीच्या आजाराचं पुस्तक उघडतो, तेव्हा त्याच्या मुळाशी आपले हे जवान असतात.

त्यातूनच फौजेतला सरावाचा नियम पक्का झाला. नऊ हजार फुटांच्या वर गेल्यावर पहिल्या टप्प्यात सहा दिवस, बारा हजारांच्या वर दुसऱ्या टप्प्यात आणखी चार, पंधरा हजारांच्या वर तिसऱ्या टप्प्यात आणखी चार. पहिले दोन दिवस नुसता आराम. जनरल असो की शिपाई, सूट नाही. मी पहिल्यांदा लेहला उतरलो तेव्हा उस्तादाने दोन दिवस बराकीतून बाहेर पडू दिलं नव्हतं. म्हणाले, "यहाँ पहलवानी नहीं चलती, यहाँ सब्र चलता है."

बाइकवाल्याला चौदा दिवसांची सुट्टी कोण देणार? पण नियमाचा गाभा त्याला पाळता येतो. हळू चढायचं, आणि दिवसा कितीही वर गेलात तरी रात्री खाली येऊन झोपायचं. त्यासाठी रस्ता बदलावा लागतो. म्हणून मी अख्खा प्लॅन उलटा केला. जाताना श्रीनगरकडून, येताना मनालीकडून. श्रीनगर साधारण १,६०० मीटर, सोनमर्ग २,७००, कारगिल परत २,७००, लामायुरू ३,५००, लेह ३,५००. पायऱ्या पायऱ्यांनी चढणारा रस्ता. झोजिला मध्ये येतो, पण तो ३,५२८ मीटर, आणि आपण त्यावर झोपत नाही. लेहमध्ये दोन दिवस राहून पुढे गेलात की परतीच्या वाटेवर सरचूची रात्रही सोसते.

बदललेला प्लॅन पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मला वाटलं, पोरगा रागावला. म्हाताऱ्याने फारच फुल्या मारल्या.

पाचव्या दिवशी वहिनींचा फोन आला. म्हणजे त्या पोराच्या आईचा. इकडतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, त्यानं मनालीचा रस्ता चुकून नाही घेतला. मीच सांगितलं होतं, लडाखला जायचं तर जा, पण तो डोंगर सोडून जा."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. उंचीचा रकाना नाही म्हणून मी त्या पोराला बोल लावत होतो. खरं तर मलाच त्याच्या प्लॅनमधला मोकळा रकाना दिसला नव्हता.

त्याचे वडील आणि मी, दोघंही बॉम्बे सॅपर्सचे. खडकीत एकत्र घडलो, आणि पुढे रस्त्याच्या कामावर झोजिलाच्या बाजूला एकत्र होतो. तो डोझर चालवायचा. हिवाळ्यात झोजिला बर्फाखाली जातो आणि वसंतात तो उघडावा लागतो. तेव्हा हा रस्ता वर्षातले पाच-सहा महिने बंद असायचा. मार्चमध्ये दोन्ही बाजूंनी मशीन लागायची, एक तुकडी सोनमर्गकडून, दुसरी द्रासकडून. काही ठिकाणी रस्ता डोझरच्या छपरापेक्षाही खोल बर्फात असतो. रस्त्याची कड कुठं संपते आणि दरी कुठं सुरू होते, हे ऑपरेटरच्या डोक्यात असतं, डोळ्यांना दिसत नाही. त्याचा एक नियम होता. काम पहाटे सुरू आणि दुपारच्या आत मशीन खाली. ऊन लागलं की वरचं बर्फ सैल होतं. "बारानंतर डोंगराला हात लावायचा नाही," असं म्हणायचा.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता तो वर होता, कारण एक गाडी अडकली होती. वरचा कडा सुटला. पोरगा तेव्हा चार वर्षांचा होता.

वहिनींना मी फोनवर काही बोललो नाही. म्हटलं, "मी त्याच्याशी बोलतो." पण फोनवर बोलायचं ते मला जमत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. बाळा, हे तुझ्यासाठी आहे, आणि तुझ्यासारख्या त्या सगळ्यांसाठी, जे दरवर्षी बाइक घेऊन तिकडे जातात आणि रस्त्याला नुसता देखावा समजतात. मनालीने जायचं असेल तर जा, सावकाश जा, जिस्पाला दोन रात्री काढ. पण झोजिला काय आहे हे आधी ऐकून घे, मग ठरव.

"ला" म्हणजेच खिंड, त्यामुळे "झोजिला पास" म्हणणं हे "गोदावरी नदी नदी" म्हणण्यासारखं आहे. काश्मीरचं हिरवं खोरं आणि लडाखचा उघडा मुलूख यांच्यामधला हा दरवाजा. १५३३ साली मिर्झा हैदर दुघलात मध्य आशियातून फौज घेऊन लडाखमार्गे याच खिंडीतून काश्मीरवर उतरला, भर हिवाळ्यात. पुढे चांगथांगच्या पठारावरची पश्मिना लोकर काश्मीरच्या शालींसाठी याच वाटेने जायची. तट्टू, खेचरं आणि पाठीवर ओझी घेतलेली माणसं. श्रीनगर ते लेह सोळा मुक्कामांची चाल होती. तुझ्या एक्सेलमध्ये सोळा ओळी लागल्या असत्या.

१९४७च्या शेवटी या वाटेचा अर्थ बदलला. पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या टोळ्या आणि गिलगिटचे बंडखोर स्काऊट लडाखकडे सरकू लागले. लेहमध्ये बचावाला मूठभर माणसं. तेव्हा फेब्रुवारी १९४८मध्ये पृथीचंद आणि खुशालचंद हे लाहौलचे दोन अधिकारी थोडे स्वयंसेवक जवान आणि लडाखींसाठी बंदुका घेऊन झोजिलाकडे निघाले. ऐन बर्फात खिंड ओलांडली आणि मार्चमध्ये लेहला पोहोचले. तिथल्या लोकांना हाताशी धरून त्यांनी बचाव उभा केला. सोनम नोरबू या लडाखी इंजिनियरने गावकऱ्यांच्या मदतीने सिंधूकाठी विमानाची धावपट्टी तयार केली, आणि २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथं डकोटा उतरवलं. शेजारी जनरल थिमय्या बसलेले. त्या विमानात हवेचा दाब राखायची सोय नव्हती, नकाशेही धड नव्हते. आज मुंबई-पुण्याची मंडळी तासाभराची झोप काढत दिल्लीहून लेहला उतरतात, ती त्या उतरण्याची पुण्याई.

तेवढ्यात मे-जूनमध्ये द्रास आणि कारगिल शत्रूच्या हाती गेलं, आणि झोजिलाही. लेहचा जमिनीवरचा दरवाजा बंद झाला. मनालीची वाट तेव्हा नुसती पायवाट होती. मेजर हरिचंद यांची गुरखा तुकडी त्याच वाटेने रोहतांग, बारालाचा पार करत पायी लेहला गेली. तू ज्याला "ओल्ड मनाली रूट" म्हणतोस, त्याची ती ओळख ठेव.

सप्टेंबरमध्ये झोजिला परत घ्यायचे हल्ले झाले, जमले नाहीत. खिंडीच्या दोन्ही अंगांना कडे, कड्यांत शत्रूची बंकरं आणि मशीनगन, मधल्या अरुंद वाटेने चढणारा आपला जवान. तेव्हा थिमय्यांनी ठरवलं की रणगाडे न्यायचे. अकरा हजार फुटांवर. जगात कुणी केलं नव्हतं.

रणगाडे न्यायला रस्ता नव्हता. बालतालपासून वर खेचरांची पायवाट. ती मद्रास सॅपर्सनी फोडून रुंद केली, वरून गोळ्या येत असताना. तिकडे सेव्हन कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूच्या बाजूने श्रीनगरकडे निघाले. वाटेतले पूल वजन पेलतील म्हणून वरचे तोफबुरूज काढून वेगळे नेले, कुणाला कळू नये म्हणून झाकूनपाकून, आणि श्रीनगरमध्ये संचारबंदी लावून रात्री पुढे काढले. हवा बिघडल्यामुळे हल्ला लांबला. अखेर १ नोव्हेंबर १९४८ रोजी दुपारी लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांचे रणगाडे बर्फातून झोजिलावर चढले आणि गुमरीच्या मैदानात उतरले. शत्रूकडे रणगाडे फोडायला काही नव्हतं. इतक्या उंचीवर रणगाडा येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. संध्याकाळपर्यंत खिंड आपली होती. नोव्हेंबर संपायच्या आत द्रास आणि कारगिल परत आलं आणि लेहकडून निघालेल्या आपल्या फौजेशी गाठ पडली. अपुऱ्या गरम कपड्यांत लढलेल्या कितीतरी जवानांची बोटं हिमदंशाने गेली, ती हिशेबात धरायची.

आता जरा आपल्या घरचं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, झोजिलाच्या कितीतरी दक्षिणेला, नौशेरा ते राजौरी रस्त्यावर आपल्याच बॉम्बे सॅपर्सचा एक सेकंड लेफ्टनंट होता. कारवारजवळच्या चेंडिया गावचा. राम राघोबा राणे. शत्रूने रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं पाडून टाकलेली. ८ एप्रिलपासून तीन-चार दिवस, जखमी असतानाही, राणेसाहेब रणगाड्यांच्या पुढे रस्ता मोकळा करत राहिले. गोळीबार चालू असताना सगळ्यात पुढच्या रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत, चालकाला दोरीने इशारा देत पुढे जायचे. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेले ते पहिले. खडकीत आम्हा रिक्रुटांना त्यांची गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगतात, आणि शेवटी उस्ताद एकच वाक्य बोलतात: पायदळ जिथं पोहोचतं तिथं सॅपर आधी गेलेला असतो. तुझे वडील आणि मी ते वाक्य एकाच बाकावर बसून ऐकलं.

लढाई थांबली, रस्ता मात्र पुढे जात राहिला. ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना स्थापन झाली, आणि काश्मीर-लडाखच्या बाजूला बीकन हा तिचा पहिल्या प्रकल्पांपैकी एक. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गाडी लेहपर्यंत जाऊ लागली. १९६२मध्ये मात्र तो रस्ता एवढा कोवळा होता की चुशूलला रणगाडे न्यायला ए एन-१२ विमानं वापरावी लागली. तेव्हापासून इंच इंच रुंदी वाढत गेली. बाहेरच्या प्रवाशांना लडाख खुलं झालं ते १९७४ साली. म्हणजे जी भटकंती तू करणार आहेस, तिला पन्नास वर्षं झाली. तोवर तिथं फक्त लडाखी, फौजी आणि रस्ता करणारे होते. रस्ता करणाऱ्यांत वर्दीवाले थोडे. बाकी झारखंडच्या दुमक्यासारख्या भागांतून आलेले मजूर, डांबराच्या धुरात तोंडाला फडकं बांधून, हातात फावडं. वळणावर ते दिसले की हॉर्न वाजवू नकोस. गाडी हळू कर, हात कर. आम्ही करायचो.

आणि १९९९. त्या वर्षी शत्रू हिवाळ्यात रिकाम्या ठेवलेल्या शिखरांवर येऊन बसला. तो तिथं का बसला? शिखरावर काय पिकतं? त्याची नजर होती या रस्त्यावर. तोलोलिंगवरून द्रासचा रस्ता हाताच्या तळव्यासारखा दिसतो. तिथून तोफांना नेम सांगायचा, रस्ता तोडायचा, म्हणजे लेहला आणि सियाचिनला जाणारी रसद तुटणार. आमचे ड्रायव्हर तेव्हा रात्री, दिवे बंद करून, चांदण्याच्या अंदाजाने कॉन्व्हॉय काढायचे. १३ जूनला तोलोलिंग घेतलं, ४ जुलैला टायगर हिल. त्या लढाईत ५२७ जवान गेले. द्रासच्या स्मारकात उभा राहशील तेव्हा आधी शिखराकडे बघ, मग पाठ फिरवून रस्त्याकडे बघ. अंतर किती कमी आहे ते दिसलं की लढाई समजते. कारगिलच्या बाजूला "तुम्ही शत्रूच्या नजरेत आहात" अशी पाटीही आहे. लोक तिच्याजवळ सेल्फी काढतात. काढू देत. तू वाच.

म्हणून माझा प्लॅन असा आहे. लिहून घे.

पहिला दिवस श्रीनगर. बाइक रेल्वेने जम्मूपर्यंत पाठवलीस तर टाकी रिकामी करावी लागेल, तेव्हा गाडी सोडवून घेतल्यावर आधी पेट्रोल, मग बाकीचं. दुसरा दिवस सोनमर्ग, जेमतेम ऐंशी किलोमीटर. पोराटोरांना एवढ्यावर थांबायचं जिवावर येतं, पण थांब. तिसरा दिवस झोजिला, द्रास, कारगिल. गुमरीत पाच मिनिटं, द्रासला दोन तास. चौथा दिवस नमिकला आणि फोटुला. फोटुला ४,१०८ मीटर, श्रीनगर-लेह रस्त्यावरची सगळ्यात उंच जागा, झोजिलापेक्षा बरीच उंच. पण नाव झोजिलाचंच निघतं, कारण उंची वेगळी आणि धोका वेगळा. मुक्काम लामायुरू. पाचवा दिवस लेह. सहावा-सातवा आराम, पाणी, हळू चालणं. दारू नाही. डायमॉक्स घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरला विचार, मित्राला नाही.

आठव्या दिवशी खारदुंगला. पूर्वी तिथल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं आणि टी-शर्टवरही छापलेलं. मोजणीत तो ५,३५९ मीटर भरतो, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. तरी हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा. तुझं इंजिनही धापा टाकणार, त्याला वाईट बोलू नकोस. वर पंधरा मिनिटं, जास्त नाही, आणि उतरून नुब्रात डिस्कीटला झोप. ते लेहपेक्षाही खाली आहे. त्या खोऱ्यातला चेवांग रिंचेन अठ्ठेचाळीस साली सतरा वर्षांचा होता तेव्हा त्याने महावीरचक्र मिळवलं, आणि एकाहत्तरला दुसऱ्यांदा. डिस्कीटला गेलास की उंटावर बसण्याआधी कुणा म्हाताऱ्याला त्याचं नाव विचार.

मग पँगाँग, परत लेह, आणि मनालीची वाट. नाल्यांचं पाणी सकाळी कमी असतं आणि बर्फ वितळू लागलं की दुपारी वाढतं, म्हणून तिकडंही पहाटेच निघायचं. छातीत घरघर, कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं की प्लॅन संपला. खाली उतरायचं. रात्री असेल तर रात्री.

एवढं लिहून मी ते आधी पोराला नाही, वहिनींना पाठवलं. म्हटलं, तुम्ही वाचा. तुम्ही नको म्हणालात तर मीच त्याला मनालीचा प्लॅन दुरुस्त करून देतो, आणि हा लेख माझ्यापाशीच राहील.

दोन दिवसांनी फोन आला. बराच वेळ त्या रणगाड्यांबद्दल विचारत होत्या. बुरूज काढले तर परत कुठं बसवले, रात्री न्यायचे तर थंडीत माणसं कशी राहिली. त्या शाळेत शिपाई होत्या, आता रिटायर झाल्या. बावीस-तेवीस वर्षांत त्या डोंगराबद्दल त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नव्हता. शेवटी म्हणाल्या, "हा रस्ता एवढा जुना आहे, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तो फक्त आमच्याच घरावर आलाय."

मी गप्प राहिलो.

"जाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, ते पहाटेच निघायचं असतं ना तिथनं?"

"होय वहिनी. बाराच्या आत खिंड पार."

"मग ते मोठ्या अक्षरात लिहा."

प्लॅनमध्ये मी तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं: सोनमर्ग सोडणे, पहाटे पाच. वाहतूक पोलीस ज्या दिशेची गाडी ज्या वेळी सोडतील त्याप्रमाणे थांबावं लागलं तर थांबायचं, घाई करायची नाही, पण दुपारनंतर चढायचं नाही. गरज पडली तर सोनमर्गला आणखी एक रात्र. मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि लाल पेनाने खाली रेघ मारली.

हल्ली सोनमर्गपर्यंत जानेवारी २०२५पासून बोगदा आहे, आणि झोजिलाखालून तेरा किलोमीटरहून लांब बोगद्याचं काम चालू आहे. तो झाला की वर्षभर गाड्या खालून जातील. चांगलंच होईल. कुणाच्या घरी मार्चमध्ये फोन येणार नाही. वरची जुनी वाट मग बहुतेक बाइकवाल्यांना आणि मेंढपाळांनाच उरेल. जायचं असेल त्यांनी त्याआधी एकदा वरून जाऊन या.

पोराचं उत्तर काल आलं. एक्सेलमध्ये नवा रकाना: उंची. आणि तिसऱ्या दिवसाच्या ओळीत, माझ्या पहाटे पाचच्या शेजारी, त्याने स्वतः एक थांबा घातलाय. किती वेळ, ते लिहिलेलं नाही. मी त्याला हात लावला नाही.

जय हिंद.